आंधळ्यानं घरच्यांना घेऊन कासव बघायला कसं जायचं: गोवा, गालजीबाग

पहिलंच सांगतो, मी पूर्ण आंधळा, राहायला कोल्हापूर, बायकोचं माहेर फोंड्याला, त्यामुळं वर्षातून एक-दोनदा गोवा ठरलेला. आणि दर वेळी बीचवर माझं काम काय, तर चपला आणि बॅगा सांभाळत बसणं. "अहो तुम्ही बसा हं इथं, आम्ही आलोच पाच मिनिटांत." त्या पाच मिनिटांचा दीड तास होतो. हे बंद करायला म्हणून मी कासवांच्या नादाला लागलो आणि तीन सीझन चुका करत जे शिकलो ते इथं टाकतोय.

डॉल्फिनची बोट आधी करून झाली होती. पैसे गेले. इंजिन फटफटतंय, सगळे एका बाजूला धावत "तो बघ तो बघ" ओरडतायत आणि मला फक्त डिझेलचा वास. जायचंच असेल तर बसण्याआधी बोटवाल्याशी बोलून घ्या की डॉल्फिन जवळ आले की इंजिन बंद करणार का. डॉल्फिन श्वास सोडतो तेव्हा फुस्स असा आवाज येतो आणि तो ऐकायला शांतता लागते. नाही म्हणाला तर उतरा खाली.

कासवाचं उलटं आहे. तिथं नियमच असा की लाईट नाही, मोबाईल नाही, बोलायचं नाही. म्हणजे डोळस लोकांच्या हातात काहीच उरत नाही आणि आपण रोज जे करतो तेच सगळ्यांना करावं लागतं!

गोव्यात अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव. जागा म्हणजे उत्तरेला मोरजी आणि मांद्रे, दक्षिणेला काणकोणात आगोंद आणि गालजीबाग. सीझन साधारण नोव्हेंबर ते मार्च. माद्या बहुतेक रात्रीच्या येतात, पिल्लं अंडी घातल्यापासून ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात, वाळू जितकी गरम तितकी लवकर. म्हणून दोन्हीपैकी काहीतरी मिळायचा चान्स हवा असेल तर फेब्रुवारी धरा. आम्ही गालजीबाग निवडलं कारण तिथं शॅकमधली गाणी कानात येत नाहीत, मागं सुरूची झाडं आहेत आणि वारा आला की त्यांचा एक बारीक सुस्कार ऐकू येतो, म्हणजे जमीन कुठल्या बाजूला हे आपोआप कळतं. ट्रेननं आलात तर काणकोण स्टेशनला उतरता येतं, आम्ही मेव्हण्याच्या गाडीनं मडगावहून करमलचा घाट उतरून जातो.

जायच्या आदल्या दिवशी घरी अर्धा तास काढा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण तिथं कासवाला हात लावता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि "हा आंधळा आहे हो, जरा हात लावू द्या" असली गळ घरच्यांनी अजिबात घालायची नाही, मला तर त्याची लाज वाटते. सासूबाईंकडं लग्नाकार्याची मोठी परात आहे, ती उपडी घालून मी हात फिरवला, मादीची पाठ साधारण तेवढी, ६०-७० सेंटिमीटर. अंड्यासाठी टेबलटेनिसचा बॉल, माप जवळपास तेच, फक्त खऱ्या अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ असतं. हातभर खड्ड्यात असे शंभरच्या आसपास. आणि पिल्लू म्हणजे नानकटाईएवढं. लेकीनं नानकटाईला काड्या खोचून चार वल्ही केली आणि माझ्या तळहातावर चालवली, आणि मग ती खाल्ली.

वनखात्याच्या लोकांना आधी विचारा. बीचवर घरट्यांना कुंपण घालून राखण करणारी माणसं असतात, त्यांना संध्याकाळी उजेडात जाऊन भेटा, आपण आंधळे आहोत, काठी आहे, सोबत किती माणसं आणि किती पोरं हे स्पष्ट सांगा. रात्री थांबायला नाही म्हणाले तर वाद न घालता पहाटे कधी येऊ ते विचारा. आणि त्यांनी कुठं बसायचं ते सांगितलं की तिथंच बसायचं.

आता चालणं. साधी काठी कोरड्या वाळूत भसाभस रुतते, घासत नेऊच नका, टोकाला फिरता गोळा असेल तर तो लावा, नसेल तर उचलून हलकं टेकवत चला. सगळ्यात सोपी वाट म्हणजे भरतीच्या रेषेखालची ओली कडक वाळू. बीच पश्चिमेकडं तोंड करून आहे, त्यामुळं उत्तरेकडं चाललात तर समुद्र डाव्या कानात आणि डावा पाय किंचित खाली, परत येताना सगळं उजवीकडं. हे एकदा अंगात बसलं की हात धरायला कुणी लागत नाही. भरती-ओहोटीची वेळ मात्र बघून ठेवा, रोज पन्नासेक मिनिटांनी पुढं सरकते, काल कडक होती ती वाळू आज त्याच वेळेला पाण्याखाली असू शकते. रापणीचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे) दोर आणि होड्यांचे नांगर पडलेले असतात, त्यात माझा गुडघा एकदा चांगलाच सोलला. कुत्री काठीवर भुंकतात, अशा वेळी काठी आडवी खाली ठेवून गप उभं राहायचं.

मोबाईलची गंमत ऐका. उजेडानं माद्या बिचकून परत जातात आणि पिल्लं समुद्र सोडून भलतीकडं वळतात, म्हणून सगळ्यांचे फोन बंद. पण आपल्या फोनला स्क्रीन लागतच नाही! आयफोनवर स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या व्हॉइसओव्हरमध्ये स्क्रीन कर्टन (स्क्रीन काळी ठेवायची सोय) चालू करा, अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्येही स्क्रीन लपवायची सोय आहे, एका कानात इयरफोन, दुसरा कान मोकळा. त्या अंधारात सगळ्या खानदानात वेळ सांगणारा मी एकटाच होतो. (राखणदाराला आधी दाखवून ठेवा, नाहीतर त्याला वाटतं हा चोरून शूटिंग करतोय.)

घरच्यांना काय शिकवायचं? एकच माणूस सांगणार, बाकीचे गप्प. आमच्यात पहिल्या वर्षी चौघं एकदम कुजबुजत होते आणि मेव्हणा तर "भावजी, आली आली, वळली, थांबली" अशी क्रिकेटची कॉमेंट्री, त्यात खरा आवाज बुडाला. आता लेक सांगते, ते पण तोंडानं कमी. "तिकडं" हा शब्द घरात बंद आहे, घड्याळाप्रमाणं सांगायचं, दोन वाजता, वीस पावलं. आणि जवळ असलो की बोलणंही नको, माझ्या पाठीवर बोटानं रेघ काढायची, कासव चाललं की बोट चाललं, थांबलं की बोट थांबलं. ही आयडिया लेकीची, वय वर्षं दहा.

पहिल्या दोन्ही सीझनला आम्हाला कासव मिळालं नाही, हे पण लिहितो, नाहीतर तुम्ही मला शिव्या घालाल. तिसऱ्या वर्षी पहाटे साडेचारला राखणदार येऊन हळूच म्हणाला, "ओगी रावात," म्हणजे गप्प राहा, आणि आम्हाला तिच्या मागच्या बाजूला, बऱ्याच अंतरावर वाळूत बसवलं. आधी काहीच नाही, नुसती लाट. मग लाटेच्या मधल्या फटीत एक लांब श्वास, म्हाताऱ्या माणसानं जिना चढून वर आल्यावर सोडावा तसा. मग वाळू फेकल्याची सरसर. आणि मग जे आलं ते डोळसांनाही अंधारात कानानंच कळलं, धप, धप, धप, डावीकडं उजवीकडं अंग आपटत ती खड्ड्यावरची वाळू दाबत होती, ऑलिव्ह रिडलेची ही पद्धतच आहे. चाळीस-पन्नास किलोचं जनावर ते. सासूबाई कानात म्हणाल्या, "घरात शेण-माती चोपल्यासारखं वाटतं रे." माझ्या पाठीवर लेकीचं बोट हळूहळू मानेकडून कमरेकडं उतरत गेलं, थांबलं, परत उतरलं, आणि मग तिनं बोट उचललं. गेली पाण्यात.

उजाडल्यावर विचारून कासवाचा वाळूतला माग चाचपा. विचारूनच, कारण त्या मागावरूनच ते लोक घरटं शोधतात, त्यांचं मोजमाप होईपर्यंत पाय पण टाकायचा नाही. त्यांचं मोजून झाल्यावर राखणदारानं स्वतः माझा हात धरून पाण्याजवळच्या टोकाला नेला. डाव्या वल्ह्याचा खड्डा पुढं, उजव्याचा जरा मागं, असे आलटून पालटून, रांगणाऱ्या पोरासारखे, आणि मधून पोट घासल्याचा गुळगुळीत पट्टा. दोन्ही हात पसरून मी रुंदी घेतली. परातीपेक्षा जास्त निघाली.

आणि काहीच आलं नाही तरी ओहोटीला थांबा. ओल्या वाळूवर बारीक खेकडे साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची रांगोळी काढतात, बिळापासून बाहेर किरणांसारखी. वाळूतलं खाणं काढून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतात, भरती आली की सगळं पुसतं. बोटाच्या टोकानं अगदी हलकं फिरवायचं, ब्रेल वाचताना जेवढा दाब देतो त्यापेक्षा कमी, नाहीतर गोळी फुटते. याला परवानगी लागत नाही आणि पोरं तासभर गुंततात. जेलीफिश मात्र मेलेला दिसला तरी हात लावायचा नाही, तो मेल्यावरही डसतो, म्हणून मी आधी डोळस माणसाला तेवढा पट्टा बघायला लावतो.

घरी आल्यावर घडीची काठी गोड्या पाण्यानं धुवा, प्रत्येक सांधा ओढून आतली वाळू काढा आणि उघडी ठेवूनच वाळवा. मी तशीच घडी करून झोपलो, सकाळी काठी उघडेना, मेव्हण्यानं पक्कड लावली तेव्हा आतलं इलॅस्टिक तुटलं आणि कोल्हापूरपर्यंत बायकोच्या खांद्यावर हात ठेवून यावं लागलं.