पोरांच्या नावाचा एक वाफा: परड्यातल्या भाजीसाठी हीच वेळ

दसरा झाला, परतीचा पाऊस थांबला की आपल्या कोल्हापूर भागात ऊसतोडीची गडबड सुरू होते. त्या गडबडीत घरामागच्या परड्यातला तुकडा तसाच पडून राहतो आणि बागायतदाराच्या घरातही मेथीची पेंढी बाजारातनंच येते. यंदा तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब एवढा एकच वाफा काढा आणि तो घरातल्या लेकरांच्या नावावर करा. ताटातली भाजी बाजूला सारणारं पोर स्वतः पेरलेला मुळा उपटतं, नळाखाली धुतं आणि तिथंच उभ्यानं खातं, हे मी माझ्या घरात बघतोय. रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको. लहान हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर वाफा तुडवला जातो.

बियाण्याला पैसे लागतात म्हणून थांबू नका. मेथी आणि धने स्वयंपाकघरातल्या डब्यात आहेतच. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढायला येते. पहिलं पीक तेच घ्या, कारण पोरांना थांबायला जमत नाही. धने मात्र तसेच पेरले तर उगवण विरळ होते. चपलेनं हलकेच रगडून प्रत्येक धन्याचे दोन भाग करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. आठ-दहा दिवसांनी कोंब दिसतात.

गाजरावर सगळ्या पोरांचा जीव असतो आणि नेमकं तेच बिघडतं. माती एक फूट खोल भुसभुशीत हवी, ढेकूळ-खडा काढलेला हवा. ताजं शेण घातलं की गाजराला दोन-तीन फाटे फुटतात, म्हणून पूर्ण कुजलेलं शेणखतच वापरा. बी बारीक असतं, ते मूठभर वाळूत मिसळून अर्ध्या इंचापेक्षा खोल न जाईल असं ओळीत सोडा. उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात. तोवर वर ओलं गोणपाट टाकून ठेवा, कोंब दिसले की लगेच काढा. त्याच ओळीत वीतभर अंतरावर एकेक मुळ्याचं बी टोका. मुळा चौथ्या दिवशी वर येतो, ओळ कुठं आहे ते दाखवतो आणि गाजर भरायच्या आत, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत, खाऊनही होतो. गाजराची रोपं नंतर दोन-तीन इंचांवर विरळ करा. आणि एक सांभाळा: गाजर गवताचं रोप पानावरनं गाजरासारखंच दिसतं, त्यानं अंगाला खाज सुटते. या वाफ्याची पहिली भांगलण मोठ्यांनीच करावी.

मटार पंधरा नोव्हेंबरच्या आत टोका. उशीर झाला की फुलं उन्हात सापडतात आणि वेलावर भुरी (पांढरी बुरशी) येते. अर्केलसारखी बुटकी जात घेतली तर दोन महिन्यांत शेंगा मिळतात. आधाराला तुरकाठ्या पुरतात. पाकिटातलं बी रंगवलेलं असलं तर तो रंग बहुतेक बुरशीनाशकाचा असतो. ते पोरांच्या हातात देऊ नका, टोकण तुम्ही करा आणि हात साबणानं धुवा.

चेरी टोमॅटोचं एक रोप जुन्या बादलीतही येतं, तळाला भोकं तेवढी पाडा. पण उसाच्या कडेला टोमॅटो लावणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारताना वाऱ्यानं आलेला तुषारही टोमॅटोला सोसत नाही, शेंडे पिळवटतात आणि पानं दोरीसारखी होतात. माझी चार रोपं अशीच गेली, कारण तणनाशकाचा पंप मी नुसता विसळून निंबोळी अर्कासाठी वापरला होता. परड्यासाठी पंप वेगळाच ठेवा. या वाफ्यात रासायनिक औषध मारूच नका, पोरं तोडून सरळ तोंडात घालतात. मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून संध्याकाळी फवारा. एवढं बास होतं.

शिरोळकडच्या क्षारपड (खारवटलेल्या) रानात गाजर, मटार, घेवडा यांच्या मागं लागू नका. तिथं पालक आणि बीट तग धरतात. बिटाच्या रसानं लाल झालेल्या चपात्या पोरं मागून खातात. गगनबावडा, राधानगरीकडच्या तांबड्या मातीत पाणी टिकत नाही, शेणखत थोडं जास्त घाला. उसाचं पाचट तर आपल्याकडं फुकटच आहे. रोपं वीतभर झाली की ओळींच्या मधे चार बोटं जाडीचं अंथरा, ओल टिकते.

पुदिन्याला बी लागत नाही. बाजारातल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवा, आठवड्याभरात मुळ्या फुटतात. त्या वाफ्यात नको, वेगळ्या कुंडीत लावा, नाहीतर तो सगळं रान व्यापतो. शेजारी पानओव्याची फांदी खोवा, त्याची भजी मी सांगायला नको. गवती चहाचा ठोंब मोरीच्या पाण्यावर जगतो, पण साबणाचं पाणी पालेभाजीला देऊ नका.

बांधावर धोतरा, एरंड अशी विषारी झाडं असतील तर वाफा करायच्या आधी ती काढून टाका. मेथी-कोथिंबीर सगळी एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी हातभर ओळ पेरत गेलात तर जानेवारी संपेपर्यंत कोवळी भाजी मिळते. आणि मटाराच्या शेंगा पोरांना वेलावरनंच खाऊ द्या. तोडल्यावर त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, म्हणून बाजारातल्या मटाराला ती गोडी नसते.