जर्मन पासपोर्ट, अमेरिकेत नोकरी आणि लातूरचं वावर: कागद कोणत्या क्रमानं करायचे

वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यातून जर्मनीला गेलेला इंजिनिअर, तिथं काही वर्षं काढल्यावर कंपनीनं अमेरिकेला पाठवलेला, आणि गावाकडच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव. मराठवाड्यात अशी घरं आता नवलाची राहिली नाहीत. या माणसाचे कागद तीन देशांत अडकलेले असतात. त्यातले दोन देश दोन नागरिकत्वं चालवून घेतात, तिसरा म्हणजे भारत घेत नाही. बहुतेक घोटाळे होतात ते पहिल्या दोघांचा नियम तिसऱ्याला लावल्यामुळे.

जर्मनीनं २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व सरसकट मान्य केलं. जर्मन होताना जुना पासपोर्ट सोडा, असं तिथलं कार्यालय आता म्हणत नाही. जर्मन माणूस पुढं अमेरिकन झाला तरी त्याचं जर्मन नागरिकत्व टिकतं. त्या तारखेआधी मात्र तसं नव्हतं. जे आधी परवानगी न काढता अमेरिकन झाले, त्यांचं जर्मन नागरिकत्व गेलं आणि नव्या कायद्यानं ते आपोआप परत आलेलं नाही. अमेरिकेच्या शपथेत परकी निष्ठा सोडल्याचे शब्द आहेत, पण दुसरा पासपोर्ट परत करा असं कोणी सांगत नाही.

भारताचं उलट आहे. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, नोटीस येत नाही. कपाटातल्या निळ्या पासपोर्टावर आणखी सहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी तो प्रवासाला चालत नाही. ‘जर्मन ऑफिसनं मागितलाच नाही, म्हणजे चालतो’ हा समज सगळ्यात महागात पडतो. नागरिकत्व गेल्यावर त्या पासपोर्टावर प्रवास केला, त्याचं नूतनीकरण केलं किंवा तो वर्षानुवर्षं जवळ ठेवला, तर परत करताना दंड बसतो. पासपोर्ट कायदा १९६७ खाली तो गुन्हाही ठरू शकतो.

आधी जर्मनीतलं उरका

जर्मन नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षांचा कायदेशीर रहिवास लागतो. तीन वर्षांत मिळवून देणारी वाट २०२५ च्या ऑक्टोबरात बंद झाली, त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून हिशेब करू नका. जर्मन भाषा बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची हवी. नागरिकत्वाच्या परीक्षेत ३३ प्रश्न आणि ६० मिनिटं असतात, १७ बरोबर आले की पास. परीक्षेची फी २५ युरो, अर्जाची २५५ युरो, आईवडिलांबरोबर अर्ज करणाऱ्या आणि स्वतःची कमाई नसलेल्या लेकराची ५१ युरो. निकालाला किती वेळ लागेल हे शहरावर आहे, काही ठिकाणी वर्षाहून जास्त लागतो.

अमेरिकेची बदली समोर दिसत असेल तर घाई करण्याची जागा हीच. भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचा कायम रहिवासाचा परवाना एवढ्यावर तुम्ही अमेरिकेला गेलात, तर तो परवाना साधारणपणे सहा महिने देशाबाहेर राहिल्यावर आपोआप रद्द होतो. ब्ल्यू कार्डवाल्यांना, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या युरोपीय परवान्यावर असलेल्यांना, थोडी जास्त सवलत आहे. नागरिकत्व असं बाहेर राहून जात नाही. म्हणून नागरिकत्व हातात घेऊन मग विमानात बसावं.

आपल्याकडच्या लोकांचं घोडं अडतं ते जन्मदाखल्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं असते. वडिलांचं गाव औसा तालुक्यात असेल, तरी नोंद आजोळच्या नगरपालिकेत नाहीतर ग्रामपंचायतीत सापडते. वडिलांच्या गावचे दप्तर महिनाभर चाळून ‘नोंदच नाही’ म्हणत बसण्याआधी आईला विचारा, कोणत्या दवाखान्यात झाला. नोंद सापडली तरी नावाचा रकाना कोरा असू शकतो. वडिलांचं नाव दाखल्यावर ‘ज्ञानोबा’, दहावीच्या सनदेवर ‘ज्ञानेश्वर’, पासपोर्टावर तिसरंच असतं. नोंद मुळातच नसेल तर आधी अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा आणि उशिराच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश मिळवायचा. जन्माला एक वर्ष उलटून गेलं असेल तर या आदेशाशिवाय निबंधक नोंद घेत नाही. नाव जुळत नसेल तर राज्याच्या राजपत्रात बदल प्रसिद्ध करून त्याची प्रत प्रत्येक अर्जाला जोडा.

एजंट लगेच ‘अपोस्टिल करून देतो’ म्हणतात. अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात खरा मानावा म्हणून सरकारनं मारलेला शिक्का. भारतीय कागदावरचं अपोस्टिल अमेरिकेत चालतं. भारताच्या अपोस्टिलला जर्मनीनं मात्र हरकत घेतलेली असल्यानं तिथं गाडी कागदपत्रांच्या प्रत्यक्ष पडताळणीवर जाते. म्हणून जर्मन कार्यालयाकडून नेमकं काय हवं ते लेखी घ्या, मगच एजंटला पैसे द्या.

पासपोर्ट परत करणं आणि ओसीआय

जर्मन नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की पुढचं पहिलं काम भारतीय पासपोर्ट दूतावासात परत करून सरेंडर सर्टिफिकेट घेणं. ते झाल्यावर ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डाचा अर्ज. हा क्रम उलटा होत नाही, कारण ओसीआयच्या अर्जाला सरेंडरचा कागद आणि रद्द केलेल्या पासपोर्टाची प्रत जोडावी लागते. शिवाय नवा पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. फोटो चौकोनी लागतो. आपल्याकडचा नेहमीचा उभा पासपोर्ट फोटो टाकल्यानं अर्ज परत येतात. अमेरिकेत ओसीआयची फी २७५ डॉलर आहे. तिथं हे अर्ज व्हीएफएस या खासगी कंपनीमार्फत जातात.

तुमचा स्वतःचा भारतीय पासपोर्ट होता, तेव्हा मूळ सिद्ध करायला तोच पुरतो. लेकरांसाठी आईबापाचे कागद लागतात. नातू-पणतूंच्या अर्जात आजोबा-पणजोबा २६ जानेवारी १९५० ला किंवा नंतर भारताचे नागरिक होते, किंवा त्या दिवशी नागरिक व्हायला पात्र होते, हे दाखवावं लागतं. इथं काही जण निजामाच्या राज्यामुळे घाबरतात. त्याची गरज नाही. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्येच भारतात आलं, त्यामुळे १९५० च्या तारखेला मराठवाडा भारतातच होता. अडचण असते ती जुने कागद उर्दूत नाहीतर मोडीत असण्याची. त्यांचं प्रमाणित भाषांतर लागतं. जुन्या मोडी कागदांपेक्षा शाळेचा दाखला किंवा जुना पासपोर्ट असेल तर तोच पुढं करा.

जर्मन किंवा अमेरिकन जोडीदारालाही ओसीआय मिळतं, पण नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत आणि लग्न टिकलेलं हवं.

शपथ आणि ओसीआय यांच्या मधले काही आठवडे नाजूक असतात. भारतीय पासपोर्ट चालत नाही आणि ओसीआय हातात नसतं. अमेरिकेत तर शपथेच्या दिवशी ग्रीन कार्डही परत घेतात आणि अमेरिकन पासपोर्ट नंतर येतो. गावाकडं कोणी आजारी असेल, लग्न ठरलेलं असेल, वाटणीचा दिवस काढलेला असेल तर शपथेची तारीख त्याच्या पुढं मागून घ्या. अगदीच अडलं तर नव्या पासपोर्टावर ई-व्हिसा काढता येतो. तो मुंबई, हैदराबाद, पुणे अशा ठरलेल्या विमानतळांवर चालतो. नांदेड-लातूरच्या माणसाला हैदराबाद जवळ पडतं.

ओसीआय हे नाव मोठं असलं तरी ते नागरिकत्व नाही, तहहयात व्हिसा आहे. मतदान करता येत नाही, सरपंचकीला उभं राहता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसाराचं काम यांना वेगळी परवानगी लागते. वयाच्या विशीआधी कार्ड काढलेलं असेल तर वीस वर्षं पूर्ण झाल्यावर नव्या पासपोर्टावर एकदा पुन्हा काढावं लागतं. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टाची प्रत आणि फोटो तीन महिन्यांत पोर्टलवर चढवायचा, पन्नाशीनंतर एकदाच. चढवायला फी नाही.

अमेरिकेची रांग जन्मगावावर ठरते

ग्रीन कार्डाची रांग पासपोर्टावर नसून जन्मदेशावर चालते. नोकरीच्या ग्रीन कार्डात एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. लातूरला जन्मलेला माणूस जर्मन पासपोर्ट घेऊन गेला तरी त्याला भारताच्या लांबलचक रांगेतच उभं राहावं लागतं. ग्रीन कार्डाच्या लॉटरीतही जन्मदेशच पाहतात. सुटका दोन ठिकाणी आहे. बायको किंवा नवरा जर्मनीत जन्मलेला असेल तर दोघांनाही त्याच्या जन्मदेशाची रांग घेता येते. जर्मनीत जन्मलेल्या लेकरामुळे आईबापाला ही सवलत मिळत नाही. दुसरी जागा ई-टू, म्हणजे करार असलेल्या देशांच्या गुंतवणूकदारांचा आणि त्यांच्या कंपनीतल्या माणसांचा व्हिसा: जर्मनीशी अमेरिकेचा तसा करार आहे, भारताशी नाही, आणि इथं पासपोर्ट पाहिला जातो. कंपनीची निम्मी तरी मालकी जर्मन असेल तर हा रस्ता विचारा. मात्र हा व्हिसाच आहे, ग्रीन कार्ड नव्हे.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर पाच वर्षांनी, अमेरिकन जोडीदाराबरोबर राहत असाल तर तीन वर्षांनी, अमेरिकन नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज करता येतो. मुदतीच्या ९० दिवस आधी भरला तरी चालतो. फी ऑनलाइन ७१०, कागदावर ७६० डॉलर. पाच वर्षांत निम्मे दिवस तरी अमेरिकेत हजर हवं, आणि एकच दौरा सहा महिन्यांहून लांबला तर सलगता तुटल्याचा प्रश्न येतो. आईच्या दुखण्यासाठी सात महिने गावी राहिलात तर विमानाची तिकिटं, दवाखान्याचे कागद, अमेरिकेतल्या घराचं भाडं भरल्याच्या पावत्या जपून ठेवा. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी नागरिकशास्त्र परीक्षा आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर हवेत.

अमेरिकन झाल्यावर अमेरिकेत ये-जा अमेरिकन पासपोर्टावर करायची, जर्मनीत जर्मन पासपोर्टावर. ओसीआय ज्या पासपोर्टाशी जोडलं आहे तोच भारतात दाखवायचा, तिकीटही त्याच नावानं.

लेकरांचं थोडक्यात. अमेरिकेत जन्मलेलं मूल जन्मतःच अमेरिकन. बाप किंवा आई जन्माच्या वेळी जर्मन नागरिक असेल तर ते जर्मनही असतं. पण तुम्हीच १९९९ नंतर जर्मनीबाहेर जन्मलेले असाल आणि बाहेरच राहत असाल, तर तुमच्या बाहेर जन्मलेल्या मुलाच्या नोंदीचा अर्ज वर्षाच्या आत जर्मन कार्यालयात गेला पाहिजे, नाहीतर नागरिकत्व पुढं जात नाही. १९९९ किंवा त्याआधी जन्मून मोठेपणी जर्मन नागरिकत्व घेतलेल्यांच्या लेकरांना हे लागणार नाही, नातवंडांना लागू शकतं. नीट-जेईईचा विचार असेल तर ओसीआय मुलांना एनआरआय जागांवरच प्रवेश मिळतो. ४ मार्च २०२१ च्या आधी ओसीआय मिळालेल्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानं यातून वगळलं आहे.

वावराचं काय

ओसीआय माणसाला शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यालाही येत नाही, पण तो परत येऊन इथं राहू लागला की शेतकरी म्हणून पुन्हा घेऊ शकतो. ओसीआयला ती वाट नाही. घर, फ्लॅट, दुकान दोघांनाही घेता येतं.

वारसानं मात्र शेत मिळतं. म्हणून वडिलांनी प्रेमापोटी परदेशी मुलाच्या नावे शेताचं बक्षीसपत्र करू नये. शेतजमिनीचं बक्षीस त्याला घेता येत नाही, आणि असं दस्त पुढं विक्रीच्या वेळी गळ्यात येतं. त्यापेक्षा नोंदणीकृत मृत्युपत्र करावं. वडिलांच्या पश्चात तलाठ्याकडं वारसा फेरफार घालून सातबाऱ्यावर आणि आठ-अ वर नाव लावून घ्यावं. परदेशातल्या भावाचं नाव ‘तो कुठं येतोय’ म्हणून गाळू नका. पुढं त्याची सही लागतेच, तेव्हा दोन कामं होतात. ओसीआयला मिळालेलं शेत विकायचं झालं तर घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिकच हवा, आणि मराठवाड्यात हैदराबाद कुळकायद्याप्रमाणे तो शेतकरीही असावा लागतो.

स्वतः येता येत नसेल तर मुखत्यारपत्र करा. भारतीय दूतावासात सही करा, किंवा अमेरिकेत नोटरी करून त्या राज्याचं अपोस्टिल घ्या. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. पाकिटातच पडून राहिला तर दुय्यम निबंधक बाजूला सारतो. मुखत्यारपत्रात गट नंबर, क्षेत्र, गाव आणि नेमकं काय करायचा अधिकार देताय ते लिहा. ‘सर्व कामे’ असं मोघम मुखत्यारपत्र भावालाही देऊ नये.

गावच्या बँकेतलं साधं बचत खातं परदेशी स्थायिक झाल्यावर एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयातलं खातं करून घ्यावं लागतं. अमेरिकेत ग्रीन कार्ड असलं तरी जगभरच्या उत्पन्नावर तिथं कर लागतो. वर्षात कधीही परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम १०,००० डॉलरपुढं गेली तर एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकेचा फॉर्म भरायचा, वडिलांबरोबरचं जोडखातंही त्यात धरून. सोयाबीनचं उत्पन्न भारतात करमुक्त आहे, अमेरिकेच्या विवरणपत्रात नाही. शेत तुमच्या नावावर आणि पट्टीचे पैसे तुमच्या खात्यात येत असतील तर ते दाखवा.

परत यायचं ठरलं तर वाट आहे, पण लांबची. ओसीआय होऊन पाच वर्षं झालेली असावीत, अर्जाआधीचं एक वर्ष भारतात काढलेलं असावं, आणि जर्मन-अमेरिकन दोन्ही नागरिकत्वं सोडायची तयारी असावी. मग भारतीय नागरिकत्वासाठी नोंदणीचा अर्ज करता येतो.