चिल्ल्यापिल्ल्यांना घेऊन मुंबईत एक दिवस फिरायचंय? आधी झोपेची वेळ बघा

आमचा थोरला दोन वर्षांचा होता तेव्हा आम्ही एकाच दिवसात गेटवे, म्युझियम आणि संध्याकाळी गिरगाव चौपाटी असा प्लॅन केला होता. दुपारची झोप टॅक्सीत होईल असं धरून चाललो, ती काही झाली नाही आणि चौपाटीवर पोचलो तेव्हा पोरगं वाळूत आडवं पडून नुसतं रडत होतं, भेळ नको, पाणी नको, कडेवरही नको. वर सहाची गर्दी. त्याला खांद्यावर टाकून सीएसएमटी ते ठाणे उभ्याने आले त्या दिवशी ठरवलं की पाच वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर दिवसाला एकच जागा, आणि तीसुद्धा दुपारच्या झोपेपर्यंतच. आता थोरला साडेचारचा आहे, धाकटी दीड वर्षाची, आणि या नियमाने आमच्या भरपूर ट्रिपा झाल्यात.

तर सुरुवात जागेपासून नाही, घड्याळापासून करायची. बाळ दुपारी कधी झोपतं? आमची दीडच्या सुमारास. म्हणजे दीडला आपण परतीच्या ट्रेनमध्ये बसलेलं पाहिजे, म्हणजे एकला तिथून निघायचं, म्हणजे अकरापर्यंत तिथे पोचायचं. हातात दोन तास उरतात आणि खरं सांगते, एवढ्या लहान मुलांना दोन तास खूप होतात. कागदावर असं उलटं लिहून काढा, मग जागा निवडणं सोपं जातं. घारापुरी यात बसतच नाही, बोटीचा एकेरी प्रवासच तासाभराचा, वर शंभरावर पायऱ्या, ते मुलं मोठी झाल्यावर. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचं मुलांचं घर, बसतो. सीएसएमटीहून नरीमन पॉइंटच्या एनसीपीएकडे जाणारी 115 नंबरची डबलडेकर, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर तेवढीच एक ट्रिप होते, मुलांना उतरायचंच नसतं.

पण पहिल्यांदाच जाणार असाल तर मी भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे तिथलं प्राणिसंग्रहालयच सांगेन. सावली आहे, गाड्यांची भीती नाही, बाळाला खाली सोडता येतं. मुंबईत अशा जागा किती आहेत सांगा.

मग वार ठरवा. बाग बुधवारी बंद असते हे पक्कं लक्षात ठेवा (बुधवारी सरकारी सुट्टी आली तर सहसा उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद). रविवारी नको, एक तर बागेत मरणाची गर्दी आणि त्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, लहान मूल घेऊन प्लॅटफॉर्मवर ताटकळत उभं राहण्यात काही अर्थ नाही. शनिवार चालेल, पण दोघांपैकी एकाला जरी मधल्या वारी सुट्टी काढता आली तर सगळ्यात छान. दिवस नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीचे बघा. ऑक्टोबर हीट आणि एप्रिल-मे मध्ये मुलं अर्ध्या तासात लालबुंद होतात.

तिकीट: लोकलला पाच वर्षांखालच्या मुलांचं तिकीट लागत नाही. बागेचे दर 2017 मध्ये वाढले तेव्हा आईवडील आणि दोन मुलं मिळून 100 रुपये असे ठरले होते, निघण्याआधी एकदा ताजा दर बघून घ्या.

आता पिशवी, इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण सगळं यावरच चालतं. पाठीवरची एकच सॅक, दोन्ही हात मोकळे हवेत. आत जेवढे तास बाहेर तेवढे डायपर, प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, वाइप्स, टोप्या, पाण्याच्या दोन बाटल्या, ओआरएसचं एक पाकीट. आणि एक जुनी कॉटनची साडी, हे आमच्या सासूबाईंनी शिकवलं. नवीन नाही, धुऊन धुऊन मऊ झालेली. ती चार पदरी घातली की गवतावर बसायला होते, बाळाला पाजायचं तर आडोसा होतो, एसी डब्यात पांघरूण होते, कुठे स्वच्छ जागा नाहीच मिळाली तर डायपर त्यावरच बदलता येतो. स्ट्रोलर मात्र लोकलने जाणार असाल तर घरी ठेवा. पुलाचे जिने चढताना तो आणि मूल दोन्ही उचलावं लागतं. त्यापेक्षा पोटाशी बांधायचा कॅरियर बरा.

डबा स्टीलचा, प्लॅस्टिकच्या पिशव्या नेऊच नका. धाकटीला मेतकूट-भात, तूप जरा जास्त घालून सकाळीच कालवून ठेवते म्हणजे गार झाला तरी कोरडा पडत नाही. थोरल्याला तूप-गुळाची पोळी गुंडाळून, ती त्याच्या हातात दिली की काम झालं. केळी, राजगिऱ्याचे लाडू. नवीन पदार्थ ट्रिपच्या दिवशी पहिल्यांदा देऊन बघू नका.

चिठ्ठी विसरू नका! मुलाच्या खिशात आपला मोबाईल नंबर लिहून ठेवायचा, शिवाय मी पेनने दंडावरही लिहिते. सकाळी निघताना दोघांचा त्या दिवशीच्या कपड्यातला एक फोटो काढायचा, गर्दीत हात सुटला तर घाबरलेल्या माणसाला शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही. मुलांच्या मदतीचा नंबर 1098, रेल्वेचा 139, दोन्ही फोनमध्ये सेव्ह करा.

ट्रेनचं असं करा, घाई नसेल तर फास्टचा मोह सोडा. आम्ही दहाच्या पुढे ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडतो, रिकामी लागते, खिडकी मिळते आणि प्रत्येक स्टेशन आलं की थोरला नाव वाचायचा प्रयत्न करतो, त्यात पाऊण-एक तास कसा जातो कळत नाही. गाडी यायच्या आधीच ठरवायचं कोण कुणाला उचलणार. गाडी थांबते काही सेकंद, तेवढ्यात "तू घे, मी घेतो" नको. मोठं मूल चालतं असलं तरी चढता-उतरताना त्याला उचलायचंच, फटीचा भरवसा नाही. एकटी आई असेल तर सरळ लेडीज डबा, तिथे बाळ धरायला दहा हात पुढे येतात हा माझा कायमचा अनुभव.

भायखळ्याला पूर्वेला उतरायचं. उतरल्यावर दोन मिनिटं स्टेशनही बघा, जुनी इमारत इतकी छान दुरुस्त केलीये की 2022 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. बाहेर रिक्षा शोधू नका, सायनच्या पुढे रिक्षा नसतेच, टॅक्सी घ्या किंवा दहा-एक मिनिटं चालत जा.

बागेत गेलं की आधी पेंग्विन. ते हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे सगळे पेंग्विन बर्फातलेच असतात असं नाही, हे थोरल्याला सांगितलं तर त्याला पटायला आठवडा लागला. आत एसी आहे, बाहेरून घामाघूम आलेल्या बाळाला साडीत गुंडाळा. तिथून पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात, त्यात आपण आतून चालत जातो आणि पक्षी डोक्यावरून उडतात. वाघ दिसला तर दिसला, नाहीतर काचेपाशी वाट बघत बसू नका. उरलेला वेळ झाडांखाली. गोरखचिंचेचा बुंधा एवढा जाडा आहे की मुलांना त्याच्याभोवती पळू द्यावं, धाकटीने एकदा त्या खोडाला दोन्ही तळहात लावून बराच वेळ गाल टेकवला होता, मी मागे नुसती उभी राहिले.

आणि घारापुरी बघायची राहिली म्हणून वाईट वाटत असेल तर शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात जा, घारापुरीचा दगडी हत्ती तिथे उभा आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलताना तो तुटला, पुढे तुकडे जोडून उभा केला. लहान मुलांना "तुटला आणि मग जोडला" ही गोष्ट फार आवडते, आमच्याकडे ती झोपताना चालते.

साडेबाराला डबा उघडा, भूक लागायची वाट बघू नका, कारण लहान मूल भूक लागल्याचं सांगत नाही, सरळ रडायला लागतं. भरवून झालं की तोंड पुसून, डायपर बदलून लगेच निघायचं. मुलं अजून खेळतायत, मजेत आहेत, थांबूया अर्धा तास असं वाटेल. थांबू नका. चारनंतर कल्याणकडची गर्दी वाढायला लागते आणि झोप मोडलेलं मूल घेऊन त्या गर्दीत शिरायचं नाहीये आपल्याला.

दुपारी गाडीत बहुतेक वेळा जागा मिळते. कुर्ला येईपर्यंत दोघंही झोपतात. झोपली की पहिलं काम, त्यांच्या चपला-बूट काढून सॅकमध्ये टाका, उतरताना झोपलेल्या पायातला एक तरी बूट गळून रुळांवर पडतोच. नाहूर गेलं की बाटल्या आत, सॅक पाठीवर, चेन लावलेली, आणि मुलुंडला उठून मोठ्याला एकाने, धाकट्याला दुसऱ्याने खांद्यावर घेऊन दाराकडे सरकायचं, जागं करायचं नाही.