पैशांची नड असताना प्रकाशकाशी बोलणी

पहिलं पुस्तक घेऊन प्रकाशकाकडे निघालेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे: हात तंग असेल तर पैसे लवकर मागा, पण त्यासाठी हक्क विकू नका.

माझी कादंबरी स्वीकारली गेली तेव्हा नोकरी सुटली होती आणि घरभाडं थकलं होतं. प्रकाशक म्हणाले, "ताई, वीस हजार एकरकमी घ्या, सगळे हक्क आमचे. चेक आत्ता लिहितो." घरात चणचण असली की असा चेक फार मोठा दिसतो. मी त्यांच्यासमोरच कागदावर हिशेब मांडला. हजार प्रतींची आवृत्ती, छापील किंमत ३०० रुपये, रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, दहा टक्के; म्हणजे तीस हजार. तेही एकाच आवृत्तीचे. पुढच्या आवृत्त्या, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट हे सगळं त्या वीस हजारांत जाणार होतं.

मी म्हटलं, "सर, मला याच महिन्यात पैसे हवेत. रॉयल्टीतलेच पंधरा हजार आगाऊ द्या, पुढच्या हिशेबात वळते करून घ्या." घरची कर्मकहाणी सांगितली नाही. गरज स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही, पण बोलणी पुस्तकाच्या किमतीवर व्हावीत, आपल्या अडचणीवर नव्हे.

त्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं. छपाईचा खर्च आधी करावा लागतो, आणि विक्रेत्यांकडची वसुली महिनोन्‌महिने रखडते. शेवटी दहा हजार सहीच्या दिवशी आणि पाच हजार पुस्तक छापून आल्यावर, असं ठरलं. त्यांनी लेखकाला मोफत मिळणाऱ्या पंचवीस प्रती देऊ केल्या होत्या, त्या बदल्यात मी त्या दहावर आणल्या. पुस्तक खपलं नाही तरी आगाऊ रक्कम परत मागायची नाही, हे वाक्य मात्र करारात घालायला लावलं. नडलेल्या माणसाने हे वाक्य सोडूच नये.

करार वाचताना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ माहीत असू द्या. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं; कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून 'कायमस्वरूपी' असं छापलेलं दिसलं की सही करू नका, मुदत घालून मागा. विक्रीचा हिशेब दर सहा महिन्यांनी मिळेल, हेही लिहून घ्या. तोंडी "देऊ हो, पळून जातोय का" यावर घरभाडं भरता येत नाही.

रॉयल्टीतून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर, कापला असेल तर तो प्राप्तिकर खात्याकडे आपल्या नावावर जमा दिसतो का, ते तपासा. वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरल्यावर ती रक्कम परत मिळते, आणि अशा दिवसांत तेवढे पैसेही उपयोगी पडतात.