एक्झॉस्ट प्रेशरचा कोड आला? सेन्सर घेण्याआधी नळी उघडून बघा

ट्रक चढाला पिकअप घेत नाही, काळा धूर मारतो, चेक लाईट पेटलीय आणि स्कॅनरवर एक्झॉस्ट प्रेशरचा कोड दिसला, की वडाळा ट्रक टर्मिनलपासून कळंबोलीपर्यंत कुठंही विचारा, उत्तर एकच, धुराचा दाब मोजणारा सेन्सर नवीन टाका. सेन्सर जातो, नाही असं नाही, पण बऱ्याचदा त्याची नळी चोक झालेली असते.

सेन्सर गरम मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या पाईपावर, डायरेक्ट लावला तर भाजून निघेल, म्हणून तो जरा लांब असतो आणि मधे एक बारीक स्टीलची नळी. या नळीतून धूर वाहत नाही, नुसता दाब पोचतो, त्यामुळे आत गेलेली काजळी तिथंच बसते. न्हावा शेवाच्या लायनीत तासन्तास आयडलिंगवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त.

आधी फुकटचं काम. इंजिन बंद, फक्त चावी ऑन, स्कॅनरवर एक्झॉस्ट प्रेशर, बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) आणि बाहेरच्या हवेचा दाब तिन्ही बघा. मुंबईत तिन्ही साधारण 100 किलोपास्कलच्या आसपास पाहिजेत, काही स्कॅनर बाहेरच्या हवेचा दाब वजा करून दाखवतात, तिथं एक्झॉस्ट आणि बूस्ट शून्य दिसेल. दोन बरोबर आणि एक्झॉस्टचाच आकडा भलता, तर सेन्सर किंवा वायरिंग. कपलर काढून मल्टिमीटर लावा, तीन वायरींपैकी एकीवर 5 व्होल्ट, एक अर्थिंग, एक सिग्नल. 5 व्होल्टच येत नसतील तर सेन्सरला कशाला शिव्या देताय, वायर शोधा.

इंजिन बंद असताना आकडा बरोबर, पण रेस दिली तरी हलतच नाही किंवा रेस सोडल्यावर खूप हळू उतरतो, तर नळीच. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, नटावर आदल्या रात्री डब्ल्यूडी फोर्टी मारून ठेवा, आणि खोलताना दोन पाने लावा, एकाने धरायचं, एकाने फिरवायचं, नाहीतर गंजलेली नळी पिळवटून तुटते. बारीक तार आणि कार्ब क्लीनरने दोन्ही तोंडं मोकळी करा, मॅनिफोल्डचं भोक पण, ते सगळे विसरतात. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर सेन्सर बाजूला काढूनच, नाहीतर आतला पडदा फाटतो आणि मग खरंच नवीन घ्यावा लागतो.

आता व्हॉल्व्ह, म्हणजे धुराची वाट अडवणारी झडप. अमेरिकेत फोर्डच्या जुन्या 7.3 लिटर पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिनाला टर्बोच्या मागं असा व्हॉल्व्ह यायचा, थंडीत इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून. आपल्याकडे मुंबईत कसली थंडी, इथं सायलेन्सरच्या पाईपातली ती झडप म्हणजे धूर अडवून गाडी हळू करणारा एक्झॉस्ट ब्रेक, खंडाळ्याहून खोपोलीला लोडेड उतरताना कामाला येणारा. ती अर्धवट बंद अडकली की गाडी गुदमरते, उघडी अडकली की घाटात सगळा भार ब्रेक लायनरवर. इंजिन थंड आणि बंद ठेवून ती झडप हलवणाऱ्या हवेच्या सिलेंडरचा पाईप काढा, लिव्हर हाताने दाबून सोडा, स्प्रिंगने खटकन परत आला पाहिजे. रेंगाळला तर स्पिंडलवरची काजळी साफ करा. साधं तेल किंवा ग्रीस नको, जळून आणखी चिकटतं. पावसाळ्यात एअर टाकीतलं पाणी रोज सोडा, त्या सिलेंडरला हवा सोडणारा सॉलेनॉइड (विजेवरचा व्हॉल्व्ह) त्यानेच गंजतो.

एवढं करूनही दाब खरोखरच जास्त येत असेल तर सायलेन्सर नाहीतर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक आहे. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस सिक्स गाडीत डीपीएफला वेगळा सेन्सर असतो, त्याला बहुतेक दोन पाईप असतात, एक फिल्टरच्या आधीचा, एक नंतरचा. काढायच्या आधी मार्करने खूण करा, उलटे लागले तर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सगळंच उलटं दिसतं.