वहीतली दहा रुपयांची दुरुस्ती: बचत गटांच्या कामात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात किंवा माविममध्ये, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळात, क्षेत्रीय पातळीवर रुजू होणाऱ्यांना पंचसूत्री समजावून सांगण्याची गरज नसते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत लेखे ही सूत्रे प्रशिक्षणातच पाठ होतात. गटातूनच गट चालवणाऱ्या बायका घडवायच्या आहेत, हेही तिथेच ऐकवले जाते. परंतु त्यासाठी नेमके काय करायचे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करायचे नाही, हे मला पहिली तीन वर्षे कळले नव्हते. त्या तीन वर्षांत माझे प्रगती अहवाल मात्र प्रभागात, म्हणजे आसपासच्या गावांच्या समूहात, सर्वांत चांगले होते, हेही सांगितले पाहिजे.

सगळी कामे स्वतःच्या अंगावर घेऊन बसणाऱ्यांपैकी मी नव्हते. इतिवृत्त सचिवांनीच लिहावे आणि खतावणी कोषाध्यक्षांनीच भरावी, याबद्दल मी काटेकोर होते, आणि म्हणूनच आपण नेतृत्व घडवतो आहोत अशी माझी समजूत होती.

एका गटात 11 सदस्य होत्या आणि मासिक बचत 100 रुपये होती. कोषाध्यक्ष सातवी शिकलेल्या, हिशेबाला तल्लख; फक्त घटत्या शिल्लकेवरचे व्याज त्यांच्या अजून अंगवळणी पडलेले नव्हते. एका सदस्येने दरमहा 2 टक्के व्याजाने 5,000 रुपये घेतले होते. पहिल्या महिन्यात तिने 500 रुपये मुद्दल आणि 100 रुपये व्याज भरले. दुसऱ्या महिन्यात मुद्दल 4,500 उरल्यामुळे व्याज 90 रुपये व्हायला हवे होते, पण कोषाध्यक्षांनी पुन्हा 100 घेतले आणि तसेच लिहिले. तपासणीसाठी वह्या घरी आणल्या असताना रात्री ही चूक माझ्या नजरेस पडली. मी 100 खोडून 90 केले, बेरजा जुळवल्या आणि सकाळी वही परत पाठवून दिली. बोलले तर त्यांना उगाच खजील व्हावे लागेल, असे वाटल्याने मी कोणालाच काही सांगितले नाही.

म्हणजे पेटीत 10 रुपये जास्त राहिले आणि वहीत ते नव्हते. पुढच्या बैठकीत वही मोठ्याने वाचली गेली, तेव्हा त्या सदस्येने ‘मी शंभर दिले, इथे नव्वद कसे?’ असे विचारले. कोषाध्यक्षांकडे उत्तर नव्हते, कारण खाडाखोड त्यांनी केलेलीच नव्हती. मी त्या दिवशी दुसऱ्या गावच्या ग्रामसंघात, म्हणजे तिथल्या गटांच्या संघात, होते. आठ दिवसांनी जाऊन मी सर्वांसमोर खुलासा केला आणि दहा रुपयांचा प्रश्न मिटला. पण कोषाध्यक्षांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि त्या म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्हीच लिहीत जा. शेवटी तुम्हीच लिहिता.’

नव्या सहकाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. काम दुसऱ्याच्या हाती सोपवणे तुलनेने सोपे असते. त्या कामातली चूक निस्तरण्याचा हक्कही सोपवणे कठीण जाते, आणि तो आपल्याकडे राहिला तर सोपवलेले काम नावापुरतेच उरते. मी वही त्यांच्यासमोर उघडून ‘मुद्दल किती उरले?’ एवढेच विचारले असते, तर चूक त्यांनीच शोधली असती. बैठकीत ती त्यांनीच सांगून 10 रुपये परत दिले असते, तर आपली चूक स्वतः कबूल करणारी कोषाध्यक्ष म्हणून गटाचा त्यांच्यावरचा विश्वास वाढला असता. मी त्यांची लाज वाचवायला गेले आणि पतच घालवली. खरे सांगायचे तर मला स्वच्छ वही हवी होती, कारण तपासणीत माझे नाव खराब झाले असते. दयाळूपणा हे त्याला नंतर दिलेले नाव होते.

याचा अर्थ प्रत्येक चूक घडू द्यावी असा नाही. कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सह्या होत असतील, किंवा बँकेच्या हप्त्याचे पैसे कोणाच्या घरी पडून असतील, तर तिथल्या तिथे थांबवा. तेथे शिकवण्याची वाट पाहणे हा बेजबाबदारपणा ठरेल. पण असे प्रसंग तुम्हाला वाटतात त्याहून कमी येतात, त्यामुळे घाबरून जाऊ नका.

तीन दिवसांच्या नेतृत्व विकास शिबिरांवर माझा फारसा विश्वास नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि पुढे गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केले, हे अनेकांना ठाऊक असते. त्या बायका ठरावीक दिवशी पुन्हा पुन्हा जामखेडला येत, गोल बसून गावात काय जमले आणि काय फसले ते एकमेकींना सांगत, आणि अशाच बसण्यातून त्या पुढे बाहेरून येणाऱ्यांना शिकवण्याइतक्या तयार झाल्या, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. आपल्याकडे प्रमाणपत्र वाटले की विषय संपतो.

माझे पहिले वरिष्ठ प्रत्येक गटाच्या बैठकीच्या खोलीत आपला फोन नंबर भिंतीवर लिहून घेत असत. तेव्हा मला ती निष्ठा वाटे. आता वाटते की त्या भिंतीवर शेजारच्या गटाच्या सचिवांचा नंबर असायला हवा होता. पदे फिरती ठेवण्याबाबतही सावध राहा. अध्यक्षांना सचिव आणि सचिवांना अध्यक्ष केले की कागदावर बदल दिसतो, पण बँकेत त्याच दोघी जातात आणि उरलेल्या नऊ जणींना शाखेचा दरवाजाही ठाऊक नसतो. गटासोबत बँकेत गेलात की शाखाधिकारी प्रश्न विचारताना तुमच्याकडेच पाहणार, म्हणून मी हल्ली पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून बाहेर जाते. पहिल्या खेपेला आत बराच वेळ शांतता असते आणि ती बाहेर उभे राहून सोसवत नाही.

त्या कोषाध्यक्षांनी दीड वर्ष कोणतेही पद घेतले नाही. नंतर सदस्यांच्या आग्रहाखातर त्या पुन्हा तयार झाल्या, पण वही गटाच्या पेटीबाहेर जाणार नाही, या अटीवर. आता मी तपासणी त्यांच्या ओसरीवर बसूनच करते, आणि पेन त्यांच्याकडे असते.