शिनोळीपर्यंत पळत जाऊन परत: पहिल्या मॅरेथॉनची तयारी कशी करावी, बूट कसे निवडावेत

बेळगावात दिवाळीचा फराळ संपत आला की कुणीतरी हमखास विचारतं, "जानेवारीत मुंबईला पळायचंय, बूट कुठले घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: पुढच्या वर्षीचे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून १८ आठवडे मागे मोजत आलात की सप्टेंबरचा मध्य येतो. म्हणजे गणपतीच्या सुमाराला तयारी सुरू झालेली हवी, आणि त्याआधीच १० किलोमीटर न थांबता, आरामात पळता यायला हवं. तेवढं जमत नसेल तर यंदा हाफ पळा, २१.१ किलोमीटर. पूर्ण ४२.१९५ पुढच्या वर्षीही तेवढंच असणार आहे. शिवाय बऱ्याच मोठ्या शर्यती पूर्ण अंतरासाठी आधीच्या एखाद्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र मागतात, तिथे ही हाफ कामाला येते.

मी प्रशिक्षक नाही. हिंदवाडीत राहतो, नोकरी खुर्चीतली आहे, आणि पहिल्या मॅरेथॉनहून पायाची दोन नखं काळी करून आलोय. वय चाळिशीच्या पुढे असेल, बीपी-शुगर असेल किंवा घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल, तर पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांना भेटून या.

आधी पाय मोजा

माझी नखं गेली ती बुटामुळे, आणि चूक दुकानदाराची नव्हती. मीच सकाळी ऑफिसला जाता जाता दुकानात शिरलो आणि "आठ नंबर द्या" म्हणालो. का, तर ऑफिसचे बूट आठ नंबरचे. पळताना पाय सुजतो, दर पावलाला बुटात थोडा पुढे सरकतो, आणि ४२ किलोमीटरमध्ये अंगठा वीस-पंचवीस हजार वेळा बुटाच्या टोकाला धडकतो. नखाने किती सोसावं?

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. कोल्हापुरी चप्पल निपाणी-अथणीकडेही बनते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. लहानपण अनवाणी आणि चपलेत गेलेल्या माणसाचा पंजा पसरट होतो, बोटं मोकळी राहतात. पळायच्या बुटांचे बरेच साचे मात्र पुढे निमुळते असतात. तेव्हा लांबी जुळली म्हणून बूट जुळला असं समजू नका.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या वावरानंतर पाय थोडा फुगलेला असतो. भिंतीला लावून कोरा कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा, पूर्ण वजन त्या पायावर द्या. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून कड आखायला सांगा. स्वतः वाकून आखलीत तर वजन हलतं. भिंतीपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा. हे लांब बोट बऱ्याच जणांचं अंगठ्याशेजारचं असतं. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. बुटाच्या आत त्याहून साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी, जागा पुढे सुटली पाहिजे. बहुतेकांना त्यासाठी रोजच्या बुटापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा लागतो.

नंबरातही गंमत आहे. आपण दुकानात सांगतो तो ब्रिटिश नंबर. पुरुषांच्या बुटात ब्रिटिश ८ म्हणजे अमेरिकन साधारण ९. ऑनलाइन मागवताना हा घोळ होतो आणि पार्सल परत करण्यात आठवडा जातो.

दुकानात काय बघायचं

पळताना घालणार तेच मोजे घालून जा, आणि ते सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि फोड आणतो. बूट पायात घालण्याआधी आतला सुटा तळ, म्हणजे इनसोल, बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळी कडेबाहेर लोंबत असेल तर तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे. लेस सैल करून उपयोग नाही, त्याच बुटाचं रुंद माप मिळतं का ते विचारा. हे करताना दुकानातला पोरगा जरा विचित्र नजरेने बघतो. बघू दे.

मग दोन्ही बूट घालून, नीट बांधून उभे राहा. पुढे अंगठ्याची जागा आहे का? टाच उचलताना मागून निसटतेय का? जिना असेल तर उतरून बघा, उतारावर बोटं टोकाला लागता कामा नयेत. बूट हातात घेऊन वाकवला तर तो बोटांच्या सांध्याजवळ वाकायला हवा, मधोमध दुमडायला नको. गणपत गल्लीच्या गर्दीत पळून बघणं अवघड आहे, पण दुकानाच्या दारात दोन-चार फेऱ्या मारायला लाजू नका.

ड्रॉप हा शब्द सारखा कानावर येईल. टाचेखालची जाडी आणि पंजाखालची जाडी यांतला हा फरक, ० ते १२ मिलिमीटरच्या आसपास. आजवर साधे स्पोर्ट्स शूज घातले असतील तर ८-१० चा घ्या. एकदम शून्यावर गेलात तर सगळा भार पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो, आणि ती शीर दुखावली की महिनोन्‌महिने दाद देत नाही.

पूर्वी ओल्या पावलाचा फरशीवरचा ठसा बघून 'तुमचा पाय सपाट, हा बूट घ्या' असं सांगायची पद्धत होती, अजूनही कुठे कुठे आहे. अमेरिकेत सैन्यभरती झालेल्या जवानांवर याचे अभ्यास झाले. ठशावरून निवडलेल्या बुटांनी दुखापती काही कमी झाल्या नाहीत. चार फेऱ्यांत जो पायात असल्याचं विसरायला होतं, तो आपला. पायाचा जुना त्रास असेल तर गोष्ट वेगळी, तिथे अस्थिरोगतज्ज्ञ.

कार्बनची पट्टी घातलेले महागडे बूट वेगवान माणसांच्या शर्यतीसाठी असतात, पहिल्या वर्षी तो खर्च नको. 'फर्स्ट कॉपी' तर मुळीच नको. वरचं कापड हुबेहूब असतं, तळाचा फोम मात्र कुठला ते देव जाणे.

बुटाचं आयुष्य ५०० ते ८०० किलोमीटर. आता हिशेब करा: आठवड्याला सरासरी ४५ किलोमीटर, १८ आठवडे, झाले ८१०. म्हणजे आज घेतलेला जोड शर्यतीआधीच दमणार. जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापरा, नाहीतर दुसरा शर्यतीच्या पाच आठवडे आधी घ्या आणि त्यात एक लांब पल्ला धरून ६०-७० किलोमीटर पळून घ्या. मी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने तारीख लिहून ठेवतो.

टाच निसटत असेल तर बुटाच्या वरच्या टोकाला जे एक जादा भोक असतं आणि आपण कधी वापरत नाही, ते वापरा. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास ठेवायचा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओढायची, मग नेहमीची गाठ. टाच जागेवर बसते आणि पंजावर ताण येत नाही.

पावसाळ्यात बूट भिजणारच. इनसोल काढा, आत जुना 'तरुण भारत' चुरगळून कोंबा, तासाभराने कागद बदला. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवलात तर डिंक सुटतो.

आठवडा कसा लावायचा

चार दिवस पळणं, एक-दोन दिवस ताकदीचे व्यायाम, बाकी विश्रांती. मंगळवार, शनिवार हळू, ६-८ किलोमीटर. गुरुवारी थोडं दमवणारं: एक तर चढ, नाहीतर मधली २०-३० मिनिटं जरा जोरात. रविवारी लांब पल्ला. व्यायामात बैठका आणि एका पायावर टाचा उचलणं, एवढं नियमाने केलं तरी गुडघे दुवा देतील.

हळू म्हणजे किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. तो रोज मध्यम जोरात पळतो, रविवारी त्याचे पाय शिणलेले असतात आणि आठव्या आठवड्यात नडगी धरते. पहिले दोन महिने कुणी चालणारा मागे टाकून गेला तरी जाऊ द्या. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतल्या मोकळ्या आवारात एक आजोबा मला रोज ऐकवायचे, "काय गा, हे पळणं म्हणायचं की चालणं?" मी हसून पुढे जायचो. म्हणजे, मागेच राहायचो.

रविवारचे आकडे साधारण असे लावा: १४, १६, १८, १३, मग १८, २०, २२, १६, मग २४, २६, १८, पुढे २८, ३०, २०, आणि पंधराव्या रविवारी ३२. मध्येच आकडा खाली येतो तो मुद्दाम, त्या आठवड्यात शरीर भरून निघतं. शेवटचे दोन रविवार २२ आणि १३, मग शर्यत. सरावात ४२ पळायची गरज नाही, त्यातून सावरायलाच दोन-तीन आठवडे जातात. एखादा रविवार हुकला तर हुकला, पुढच्या रविवारी दोन्ही भरून काढायचे नाहीत.

जागांची आपल्याकडे चैन आहे. हळू पळायला व्हॅक्सिन डेपोतली झाडांखालची मातीची वाट, पाय कमी शिणतात. थोडं जोरात पळायला कॅम्पातले रुंद, सावलीचे रस्ते. तिथे पहाटे जवानांची तुकडी शेजारून गेली तर तिच्या मागे लागू नका, मी एकदा लागलो होतो. चढासाठी येळ्ळूरचा राजहंसगड: चढ पळत, उतार चालत, आधी तीन वेळा, महिन्याभराने सहा. लांब पल्ल्याला वेंगुर्ला रस्ता धरला तर हिंडलगा, सुळगा करत शिनोळीला महाराष्ट्र लागतो. सुरुवात कुठून करता त्यावर अवलंबून जाऊन-येऊन पंचवीस ते तीस. सीमेला हात लावून परत येण्यात एक वेगळीच मजा आहे. पण हा वाहता रस्ता आहे, उजाडल्यावरच निघा, आणि उजव्या कडेने पळा म्हणजे समोरची गाडी दिसते.

निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी भागात पळणाऱ्यांनी ऊस हंगाम लक्षात ठेवावा. कारखाने सुरू झाले की पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, मागे दिवा असेलच असं नाही, आणि उसाची टोकं बाजूला हातभर बाहेर आलेली असतात. चमकणारी पट्टी असलेलं जाकीट आणि डोक्याला बॅटरी लावल्याशिवाय बाहेर पडू नका. रस्त्यावर सांडलेल्या उसावर पाय पडला तर घोटा मुरगळलाच. कुत्री मागे लागली तर थांबा आणि चालू लागा.

नवरात्रात शहरात पहाटे दुर्गामाता दौड असते. जात असाल तर ते दिवस हळू पळण्याच्या खात्यात धरा. अनवाणी जात असाल आणि तळव्याला सवय नसेल, तर त्या आठवड्यातला लांब पल्ला निम्मा करा.

दुखण्यातला फरक ओळखायला शिका. पळायला लागल्यावर कमी होत जाणारं आखडलेपण चालतं. पळताना वाढत जाणारं किंवा नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल असं दुखणं दिसलं, की त्याच दिवशी थांबायचं.

खाणं-पिणं

दीड तासापेक्षा जास्त पळायचं असेल तर वाटेत खावं लागतं. शरीरातला साखरेचा साठा बहुतेकांचा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो आणि पाय अचानक दुसऱ्या कुणाचे तरी वाटायला लागतात. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरेत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, गुळाच्या लिंबाएवढ्या खड्यातही जवळपास तेवढीच. गूळ कागदात नको, घामाने विरघळून खिशाचा काकवी-डबा होतो. झिप असलेली छोटी पिशवी घ्या. कुंदा खिशात घालून पळणारा एक मित्र आहे. खव्याचा जडपणा विसाव्या किलोमीटरला कळतो एवढंच सांगतो.

साधं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं मीठ कमी होऊन चक्कर येते आणि प्रकरण गंभीरही होऊ शकतं. तहान लागेल तसं प्या, मध्ये मध्ये ओआरएस घ्या. पळण्याच्या आदल्या रात्री भात, पातळ वरण, थोडं तूप. उसळ आणि झणझणीत रस्सा पळून आल्यावर.

शेवटचे तीन आठवडे आणि मुंबई

अंतर कमी करा, पळण्याचे दिवस तेच ठेवा. या काळात उगाच पाय दुखल्यासारखे वाटतात, सगळ्यांनाच वाटतात.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. त्याने फुफ्फुसं वगैरे काही मोठी होत नाहीत, पण डिसेंबरच्या गार, कोरड्या पहाटेची सवय लागते आणि मुंबईचा दमटपणा नडतो. म्हणून शेवटचे दोन-तीन लांब पल्ले मुद्दाम उशिरा, आठच्या उन्हात संपतील असे निघा. मुंबईत अपेक्षित वेगापेक्षा किलोमीटरमागे १०-१५ सेकंद सोडून द्या. पाच तासांत संपवायचं तर किलोमीटरला सरासरी ७ मिनिटं ६ सेकंद लागतात, साडेचार तासांसाठी ६:२४. पहिले १० किलोमीटर त्याहून हळूच जा, कारण पेडर रोडचा चढ येतो तो तीस किलोमीटर ओलांडल्यावर, परतीच्या वाटेवर.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, आधीच्या दिवसांत स्वतः जाऊन घ्यावा लागतो, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. तेव्हा शुक्रवारी पोचा. रात्रभर बसमध्ये पाय लोंबकळत ठेवून शनिवारी उतरलात तर घोटे सुजलेले असतात. बूट बॅगेत टाकू नका, पायातच घाला, बॅग हरवली तरी बूट राहतात. काखेत, मांड्यांत व्हॅसलिन लावा. पुरुषांनी छातीवर चिकटपट्टी लावावी, घासून रक्त येतं.

आणि नखं बुधवारी-गुरुवारीच कापा, सरळ रेषेत, कोपरे न कोरता. आदल्या रात्री कापलेलं नख ताजं असतं, पहिल्या दहा किलोमीटरमध्येच बोचायला लागतं.